रमाकांतांचं व्याख्यान आणि दिवाणाचा पाय

"हा दिवाण आहे का फुटबॉल?" रमाकांत दिवाणाखालून पुटपुटले. तोंडात स्क्रू धरलेला, त्यामुळे शब्द दातांतून गाळून येत होते. "मागच्याच महिन्यात घट्ट केला होता पाय. लाथा मारतं कोण याला?"

नलिनी शेजारीच टॉर्च धरून उकिडवी बसली होती. तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं. तिने टॉर्च जरासा हलवून नवऱ्याच्या डोळ्यांवर आणला. उत्तर द्यायचं नसलं की बायकांना असे उद्योग सुचतात.

लाथा कोण मारतं हे बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सगळेच मारत होते. खुद्द रमाकांतसुद्धा. साडेतीन वर्षांची नात ओवी दिवाणावर बसून खेळायची, आणि तिला बोलवायचं म्हणजे दिवाणाला टाच मारायची. हादरा बसला की पोरगी गर्रकन वळून हसायची. ही पद्धत कोणी काढली, कधी काढली, यावर घरात चकार शब्द निघाला नव्हता. नवरात्रात खाली गरब्याचे स्पीकर लागले, काचा थरथरल्या, ओवी आपली गाढ झोपलेली. "किती गुणी ग बाई!" म्हणून नलिनीने तिची दृष्ट काढली होती.

सून श्रद्धा एकदा म्हणाली होती, "आई, ओवीचे कान दाखवून आणू या का?"

"आमच्याकडची मुलं उशिराच बोलतात," नलिनीने तिथल्या तिथे निकाल लावला होता. "तुझा नवरा चार वर्षांचा झाला तेव्हा बोलला. आता वाघोडियाच्या कारखान्यात त्याला गप्प कसं करायचं यावर मीटिंगा घेतात."

श्रद्धा हसली होती. विषय बुडाला. नंतर नलिनीने मोबाइलवर वाचलं, की अशा मुलांना जितकं लवकर कानाचं मशीन लागेल तितकी भाषा येते. उशीर झाला की मग अवघड. वाचलं आणि मोबाइल उशीखाली सरकवला, जणू तो तिथेच गुदमरून मरेल. ओवीच्या तोंडून 'आजी' ऐकायला मात्र तिचे कान आसुसले होते.

रमाकांत आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. रविवारी मंडळात त्यांचं 'बडोद्यातील बालआरोग्याची वाटचाल' असं व्याख्यान होतं, आणि आठवडाभर ते फ्रिजसमोर उभे राहून त्याची तालीम करत होते. फ्रिज शांतपणे ऐकून घ्यायचा. घरातलं दुसरं कोणी घेत नव्हतं.

दिवाणाचा पाय बसतोय तोच बेल वाजली. दारात मिताली, आरोग्य तपासणीवाली. लहान मुलं असलेली घरं बघत फिरत होती.

"केम छो बा? बेबीला तपासायचं आहे ने. तिकडे तोंड करून बसवा."

ओवीला दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बसवलं. मितालीने पिशवीतून खुळखुळा काढला आणि तिच्या उजव्या कानामागे वाजवला.

नलिनीची टाच आपोआप दिवाणाला लागली. ओवी वळली.

"सरस!"

डाव्या बाजूला खुळखुळा वाजला. श्रद्धा डावीकडच्या दारातून लगबगीने आली आणि तिने लाल ओढणी अशी काही झटकली की कावळेसुद्धा उडाले असते. ओवी वळली.

"खूब सरस! आता पाठीमागे."

या वेळी रमाकांत "थकलो बुवा" म्हणत दिवाणावर धपकन बसले. नुकताच बसवलेला पाय कुरकुरला. ओवी वळून खुदकन हसली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग तिघंही पंख्याकडे बघू लागले.

"बधुं बराबर छे," मिताली मोबाइलवर बोट ठेवत म्हणाली. "नॉर्मल लिहिते. पण हे ॲप! नेटवर्कच नाही पकडत." मोबाइल डोक्यावर धरून ती खोलीभर फिरू लागली, आरती ओवाळल्यासारखी.

शांतता रमाकांतांना सोसत नसे. "तुम्हाला सांगतो मितालीबेन," त्यांनी सुरू केलं, "माझे आजोबा देवी टोचायला पादरा गावाच्या बाजूला जायचे. ते आले की आया पोरं धान्याच्या कणगीत लपवायच्या! रविवारी हेच सांगणार आहे मी. अडाणीपणा हो, दुसरं काय! दारात माणूस मदतीला आलाय, आणि घरचे सगळे मिळून त्याच्याच डोळ्यांत..."

वाक्य तिथेच थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात नलिनीने त्यांचं वाक्य असं अर्धवट राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"चहा टाकते," श्रद्धा म्हणाली, पण जागची हलली नाही. ओढणीचं टोक तिने मुठीत आवळून धरलं होतं.

"आलं नेटवर्क!" मिताली खिडकीशी ओरडली.

ओवी पुन्हा भिंतीकडे वळली होती. भिंतीवर बोटाने काहीतरी काढत होती, स्वतःशीच हसत होती. तिच्यामागे चार माणसं होती, हे तिच्या गावीही नव्हतं. नलिनीने दोन्ही पाय दिवाणापासून लांब घेतले.

"ओवी," तिने हाक मारली. मग मोठ्याने, "ओवी!" इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरून कोणीतरी "शुं थयुं?" विचारलं.

ओवीचं बोट भिंतीवर फिरत राहिलं.

"नॉर्मल लिहू नका, मितालीबेन," नलिनी म्हणाली. "आमच्या ओवीला ऐकू येत नाही."