डाव्या कोपऱ्यातला अंगठा

मित्रांनो, त्या दिवशी दुपारी चार वाजता दार उघडलं आणि शिंपी एकटाच आत आला. रोज बाजारातून परतताना त्याच्या मागे अजून दोन पावलं असायची. तो सरळ माझ्यापाशी येऊन थांबला आणि हातातली कापडी पिशवी त्याने माझ्यावर ठेवली. कुठे ठेवावी हे त्याला सुचत नसावं. माझी सुई जेमतेम हलली. पिशवीत त्याच्या बायकोच्या चपला होत्या. मागोमाग त्याची मुलगी आली.

"बाबा, बसा ना जरा," ती म्हणाली.

तो बसला नाही. पिशवीकडे बघत उभा राहिला. तेव्हा मला कळलं, की या घरातली बाई आता येणार नाही.

मी एक जुना वजनकाटा आहे. पत्र्याचं अंग, वर रबरी चटई, पुढे गोल काच आणि काचेखाली सुई. कारखान्यात माझ्यावर वीस किलोचं लोखंड पाच वेळा ठेवून पाहिलं होतं आणि पाचही वेळा मी वीसच सांगितलं होतं. मग चौदा वर्षं मी एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होतो. तिथे मी माणसं पाहिली. म्हणजे त्यांचे पाय पाहिले. कुणी खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायचे, कुणी श्वास रोखायचे, कुणी हळूच टेबलाच्या कडेला बोट टेकवायचे. जसं काही माझ्या लक्षातच येणार नाही!

पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी बाकाखाली झाली. मला वाटलं, आता भंगारात. पण एके दिवशी शिंपी आला. नव्या काट्यावर उभा राहिला, पण मध्ये पोट आडवं येत असल्यामुळे त्याला आकडा दिसेना. बायकोने वाकून वाचला, "एक्क्याण्णव."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रक्तदाब, साखर, चरबी, तिन्ही वर चढून बसल्यात. गोळ्या देतेच. पण ताट बदलावं लागेल. तेल, तूप, लोणी, दूध, मांस, अंडी, तळलेलं, सगळं बंद."

"मग खायचं काय, वारा?"

"अख्खं धान्य, डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं. आणि पोटभर खायचं. उपाशी राहिलात तर माझ्याकडे येऊ नका."

मग त्यांनी मला बाकाखालून ओढलं, फडक्याने पुसलं आणि बाईच्या हातात दिलं. "रोज सकाळी उभं करा ह्यांना."

शिंप्याच्या घरात स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात माझी जागा ठरली. दाराच्या आतल्या बाजूला बाईने शिंप्याच्याच खडूने दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'हे', दुसऱ्यावर 'मी'.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराचा आवाज बदलला. आधी कांदा तेलात पडला की चर्र व्हायचं. आता ती चमचा चमचा पाणी घालून कांदा परतायची आणि नुसती फसफस ऐकू यायची. घेवडा आदल्या दिवशी भिजायचा, बटाटे सालासकट उकडायचे, पालेभाजी टोपलीभर आणली तरी शिजून वाटीभर व्हायची.

"अगं, हे जेवण आहे की बैलाची वैरण?"

"बैलाला कधी जिना चढताना दम लागलेला पाहिलाय का तुम्ही? जेवा गुपचूप."

शिंपी कुरकुरत जेवायचा, पण जेवायचा. एक्क्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले, मग चौऱ्याऐंशी. एका सकाळी त्याचं पोट इतकं ओसरलं, की त्याला माझी सुई स्वतः दिसली. त्याने टाळी वाजवली. त्याच सकाळी बाईने ती गंमत सुरू केली. मागून येऊन तिने डाव्या पायाचा अंगठा माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर हलकेच टेकवला. सुई दोन किलो पुढे गेली.

"अरेच्चा! वाढलं कसं?" शिंपी घाबरला. मागे वळला तर ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"काढ पाय," तो म्हणाला. तिने पाय काढला आणि सुई मागे आली.

मग ते रोजचंच झालं, पण तिचा एक नियम होता. ज्या सकाळी त्याचं वजन ठीक असेल आणि रात्रीचं ताट त्याने कोरं केलं असेल, त्याच सकाळी अंगठा. भाज्या धुऊन आल्यामुळे तो नेहमी ओला आणि गार असायचा. चटईवर त्याचा छोटा गोल डाग राहायचा. दीड वर्षात शिंपी बहात्तरवर येऊन थांबला. डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या कमी केल्या. त्याने आपल्या सगळ्या पँटी कमरेत आत घेतल्या आणि गल्लीभर सांगत सुटला.

बाई मात्र माझ्यावर कधीच उभी राहिली नाही.

"तू पण उभी राहा की," तो म्हणायचा.

"माझं काय बघायचंय? गॅसवर भांडं आहे."

मित्रांनो, मी जमिनीवर राहतो, म्हणून काही गोष्टी मलाच आधी दिसतात. घरात तेलाचा निम्मा डबा उरला होता, लोण्याचा गोळा होता, चिजाच्या वड्या होत्या. बाईच्या जिवाला टाकणं पटेना. "एवढं चांगलं टाकायचं कुठे? मीच संपवते," ती मुलीला म्हणाली. शिंपी दुकानात गेला, की तो जुना चर्र आवाज पुन्हा यायचा. ती उभ्यानेच खायची. डबा संपला, पण सवय राहिली आणि दुसरा डबा आला. हळूहळू तिची पावलं सुजायला लागली. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत पायावर राहायचा. बोळातून जाताना ती भिंतीला हात लावून थांबायची. मी सगळं पाहत होतो. पण मला एकच काम येतं. कुणी वर उभं राहिलं, तरच मी सांगू शकतो.

ती बाजारात भाजीच्या दुकानापुढे कोसळली. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काही दिवसांनी शिंप्याने दुकानातली मापांची वही घरी आणली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसून बायकोचं पान उघडलं. तिचे कपडे तोच शिवायचा.

"हे बघ," तो मुलीला म्हणाला. "इथे दोन बोटं वाढवली. इथे परत दोन. इथे शिवण सोडली. आणि मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, माझं उतरलेलं हिने उचललं. दोघं हसलो गं आम्ही. टेप माझ्या हातात होती."



तीन महिने तो माझ्यावर उभा राहिला नाही. दुकानाखालचं तळलेलं कागदात बांधून आणायचा आणि तसंच खायचा. जिन्यावर त्याचा श्वास पुन्हा ऐकू यायला लागला. शेवटी मुलगी कामावरून रजा काढून राहायला आली. तिने तेलाचे डबे बाहेर नेऊन ठेवले आणि आईसारखा पाण्यात कांदा परतायला घेतला. आठवड्याने तिने बापाला हाताला धरून माझ्यावर उभं केलं.

सुई अठ्ठ्याहत्तरवर आली आणि थांबली. मग डाव्या कोपऱ्यात मला काहीतरी गार टेकल्यासारखं वाटलं. सुई ऐंशीवर गेली.

"स्प्रिंग गेलीय," मुलगी म्हणाली. ती स्वतः उभी राहिली, मी तिचं बरोबर सांगितलं. तिने पाच किलो पिठाची पिशवी ठेवली, मी पाच सांगितले. पुन्हा बाप उभा राहिला. ऐंशी.

शिंपी हलला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, "काढ पाय."

सुई दोन किलो मागे आली. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग बापाच्या मागे पाहिलं. बोळात उजेड होता आणि कुणी नव्हतं. माझ्या चटईवर मात्र डाव्या कोपऱ्यात एक ओला गोल डाग होता.

त्यानंतर शिंपी नेमाने जेवू लागला आणि रोज सकाळी माझ्यावर उभा राहू लागला. वजन उतरलं, की अंगठा यायचा. पंच्याहत्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर. मुलगी खूश झाली आणि आपल्या घरी परत गेली. पण बहात्तरवर तो थांबला नाही. वजन उतरेल तसा अंगठा येतो, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. वाटी निम्मी झाली, मग नुसतं काकडी-गाजर, मग तेही नाही. सत्तर. सदुसष्ट. त्याच्या टाचांची हाडं मला टोचू लागली. त्रेसष्टच्या सकाळी तो उभा राहिला आणि वाट पाहू लागला.

अंगठा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

"अगं, उतरलंय की! बघ तरी," तो भिंतीला सांगत होता. तेवढ्यात मुलगी आली. बाप दाराची चौकट धरून उभा होता.

"बाबा, हे काय करून घेतलंत? आईने तुम्हाला जेवायला शिकवलं होतं, उपाशी राहायला नाही. ती कधी चिडवायची तुम्हाला? ताट कोरं केल्यावर ना?"

शिंपी चौकट सोडून पुढे आला. मग खाली बसला. मुलीने मसूर, भोपळा आणि जाड्या तांदळाचा भात असं भरलं ताट वाढलं. तो घास घास करून जेवला आणि शेवटी बोटाने ताट पुसून घेतलं. सकाळी तो अडखळत माझ्यावर चढला. चौसष्ट. वजन वाढलं होतं.

आणि डाव्या कोपऱ्यात अंगठा टेकला.

तो हसला. त्या दिवशी "काढ पाय" म्हणाला नाही.

मित्रांनो, आता तो पुन्हा बहात्तरवर आहे. सुईवर चौऱ्याहत्तर दिसतात, तो दोन वजा करून दारावर लिहितो. तुमच्याही घरी कुणाच्या तब्येतीसाठी स्वयंपाक बदलला असेल, तर एवढंच करा. जी रांधते तिलाही त्याच ताटात वाढा आणि तिलाही काट्यावर उभं करा. गॅसवर भांडं असलं, तर गॅस बंद करा.

शिंपी रोज खाली उतरल्यावर बोळात बाजूला सरकून उभा राहतो. माझ्यावर पुरती जागा सोडतो. "एकदा दोन्ही पाय ठेव," म्हणतो. सुई शून्यावरच राहते. दारावर 'हे' या रकान्यात आता जागा उरलेली नाही. 'मी' हा रकाना कोरा आहे. तिचं वजन करायचं राहिलं आहे.