आठव्या आठवड्याची प्रश्नावली

मी एक प्रश्नावली बोलतेय. दोन पानांची, पंधरा प्रश्नांची. ओउलू शहरातल्या दवाखान्यात टेबलावर पडलेय.

छापून आले तेव्हा काय तोरा होता माझा! स्वमग्न माणसांसाठीच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती आणि निकाल माझ्यावर ठरणार होता. किती वेळा किंचाळते? मारते? वस्तू फेकते? शून्य ते तीन. माणसाबद्दल याहून जास्त विचारायचं तरी काय, असं मला वाटायचं.

मग मी सिर्काच्या स्वयंपाकघरात गेले. तिची मुलगी तुइया एकतीस वर्षांची. बोलत नाही, चित्रांची कार्डं दाखवते. आमच्या चाचणीत बाकी सगळी शाळकरी मुलं, मोठी बाई ही एकटीच.

गोळीनंतर तिचं किंचाळणं थांबलं, हे खरं. पण बसणंही थांबलं. टेबलाभोवती नुसत्या फेऱ्या. शनिवारी सौनाच्या वाफखोलीत तासभर बसून तापल्या दगडांवर पाणी ओतणारी ही पोर, आता बाकावर टेकली की ताडकन उठायची. डोळ्यांत पाणी असायचं.

"अगं, तिच्या पायांचं लिही की!" तिचे वडील रायमो म्हणाले.

"विचारलंय कुठे त्यांनी? आपलंच घोडं कशाला दामटायचं? एवढी शिकलेली माणसं ती," सिर्का म्हणाली.

रायमोंनाही ते पटलं. उगाच कुणाला त्रास द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सिर्काने खाली मान घालून खुणा केल्या. शून्य, शून्य, एक. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात तुइया आली. हातातलं कार्ड तिने भरपूर डिंक लावून माझ्या शेवटच्या दोन उत्तरांवर थापलं. लाल पंजा. म्हणजे, थांबवा.

आज नर्स मार्केत्ता मला बघून खूश झाली. "डॉक्टर, आकडे झकास आलेत! सोमवारपासून डोस दुप्पट करू या. हे चित्र तेवढं सोलते, नाहीतर खुणा वाचणारं यंत्र पान घेणार नाही."

तिचं नख आत्ता कार्डाच्या कडेखाली शिरलंय.

मार्केत्ताबाई, जपून सोलू नका हो. जोरात ओढा, मला फाटू दे. फाटलेलं पानही यंत्र घेत नाही. मग उत्तरं पुन्हा घ्यायला तुम्हाला सिर्काला फोन करावाच लागेल. आणि तुइया कशी आहे एवढं विचारलंत, तर ती सगळं सांगेल.