सरांचा माइक

घरभर संगीत हवं असेल तर आधी स्पीकर नव्हे, ॲम्प्लिफायर ठरवायचा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत सांगते आणि प्रत्येक गिऱ्हाईक मला स्पीकरचा रंग विचारतं. या घरात रंग कोणी विचारला नाही. ज्या वयस्कर गृहस्थांनी दार उघडलं, त्यांनीच मला जेवणाच्या टेबलापाशी नेलं, खुर्ची ओढून दिली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "माझा आवाज प्रत्येक खोलीत गेला पाहिजे."

मला पुन्हा विचारावं लागलं. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे आवाज उरलाच नव्हता. उरली होती ती कुजबुज, तीही कोरडी, जुना कागद उलगडताना येते तशी.

"बाबा शाळेत कवायत शिकवायचे," त्यांचा मुलगा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता. "मैदानाच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या पोराला कापरं भरवायचे. भोंगा नाही, काही नाही."

"घरात तरी भोंगा कुठे लागायचा?" सून म्हणाली. सगळे हसले. सरही हसले. त्यांना बाहेरचे सगळे सर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांची बायको खिडकीजवळ मटार सोलत बसली होती. फक्त ती हसली नाही. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल.

घर नवं होतं, तीन मजली, जाड भिंतींचं. खाली सर आणि काकू, दोन वेगळ्या खोल्यांत, कारण सरांच्या खोकल्याने काकूंना झोप लागत नसे. मधल्या मजल्यावर डॉक्टरांची खोली आणि सुनेचं ऑफिस. ती घरूनच काम करायची. सगळ्यात वर कॉलेजात जाणारी नात. सरांची कुजबुज जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढणार नाही, हे मोजमाप न करताही दिसत होतं.

"दोन रस्ते आहेत," मी कॅटलॉग उघडून सांगितलं. "एकच मोठा ॲम्प्लिफायर आणि पुढे वाटणीची पेटी. स्वस्तात होतं, पण सगळीकडे एकच गाणं. शिवाय एका ॲम्प्लिफायरवर इतक्या स्पीकरांचा भार टाकला की तो तापतो. एकाने राबायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या जिवावर बसून खायचं, तसं."

"आमच्याकडे तीच पद्धत आहे," सून नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"आणि दुसरा?" डॉक्टरांनी घाईने विचारलं.

दुसरा म्हणजे प्रत्येक खोलीला स्वतंत्र ॲम्प्लिफायर, सगळे एकाच पेटीत शेजारी शेजारी. त्यांच्या आधी एक स्विचर. कुठला आवाज कुठल्या खोलीत जायचा ते तो ठरवतो. खाली बातम्या चालू असतील तेव्हा वर नात काय वाट्टेल ते ऐकू शकते.

"म्हणजे मला बातम्या ऐकू येणार नाहीत?" नात म्हणाली. "ताई, आत्ताच लावून जा."

स्विचरला एक वेगळं टोक असतं, प्राधान्याचं. तिथे आवाज आला की प्रत्येक खोलीतलं चालू गाणं थांबतं आणि तोच ऐकू येतो. लोक ते दारावरच्या घंटेसाठी वापरतात. सरांचं बोट कॅटलॉगमधल्या त्या टोकावर येऊन थांबलं आणि तिथून हललं नाही.

तिथे माइक जोडायचा हे ठरलं. घोळ पुढेच झाला. माझ्याकडे दोन स्विचर होते. एकात प्राधान्य म्हणजे प्राधान्य, कोणाला ते टाळता येत नाही. दुसऱ्यात प्रत्येक खोलीच्या भिंतीवर बटणांची पट्टी, आणि त्यात एक बटण असं की ते दाबलं तर त्या खोलीपुरता माइक बंद. शेजारी तांबडा दिवा लागतो.

"हा दुसरा," डॉक्टर म्हणाले. "दुपारी जरा आडवा होतो मी. बाबा, तुम्हाला चालेल ना?"

सर काहीतरी बोलले. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण त्यांच्या सगळ्यात जवळ मी होते. "सर म्हणतायत, असू दे बटण. दाबतंय कोण?"

पुन्हा हशा.

"काकू, तुमच्या खोलीत स्पीकर छतात बसवू की भिंतीत?" मी खिडकीकडे बघून विचारलं.

"बसवूच नकोस," काकू म्हणाल्या. म्हणजे ऐकू नीट येत होतं.

सरांनी माझ्यापुढे दोन बोटं धरली. तिच्या खोलीत दोन.

काम झाल्यावर सरांच्या आवाजासाठी मी अख्खी दुपार दिली. मी शिकले भौतिकशास्त्र, इंजिनीअर नाही, पण गिऱ्हाइकं इंजिनीअर म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करत नाही. कुजबुजीत नुसती हवा असते. ती तशीच मोठी केली तर सापाच्या फुत्कारासारखी लागते. मी वरचा भाग कापला, शब्द ज्या पट्ट्यात उमटतात तो उचलला, जुन्या सोहळ्यांच्या चित्रफितींमधून सरांचा पूर्वीचा आवाज ऐकून घेतला आणि जमेल तितकं त्याच्याकडे नेलं. मग त्यांना म्हटलं, "बोला सर."

त्यांनी माइकचं बटण दाबलं. "सावधान!"

घराच्या भिंती बोलल्यासारखं झालं. डॉक्टर स्वयंपाकघरात पाणी पीत होते, ते खरोखर टाचा जुळवून उभे राहिले आणि मग स्वतःवरच हसत सुटले. नात जिन्यावरून धावत खाली आली. सरांचे डोळे भरून आले होते. काकूंच्या हातातला चमचा खाली पडला, तो त्यांनी उचलला, धुतला आणि जागेवर ठेवला.

काही महिन्यांनी सुनेचा फोन आला. "अगं, तुझा माइक बिघडलाय वाटतं. बाबा खुणा करून करून हैराण झालेत. ते बोलतात, कोणी येत नाही. एकदा बघून जा ना."

मी गेले. माइक ठीक होता. तार ठीक होती. जिन्याखालच्या कपाटात ॲम्प्लिफायरांची पेटी हाताला गार लागली. सरांना बोलायला सांगितलं तर आत येणाऱ्या आवाजाचा हिरवा दिवा त्यांच्या प्रत्येक शब्दासरशी नाचत होता आणि बाहेर जाणाऱ्या आवाजाच्या दिव्यांची ओळ काळी ठिक्कर होती. एखादा ॲम्प्लिफायर जळू शकतो. सगळे एकाच वेळी जळत नाहीत. मी खोल्या बघायला निघाले.

डॉक्टरांच्या पट्टीवर तांबडा दिवा होता.

"हां, ते मीच," ते म्हणाले. "दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून येतो गं मी. पण फक्त माझ्या खोलीत बंद आहे. हिच्या ऑफिसात असतो की चालू."

ऑफिसातही तांबडा दिवा होता.

"मीटिंग चालू होती," सून म्हणाली. "वरचे साहेब बोलत होते आणि छतातून आवाज आला, 'माझा चष्मा कुठे ठेवलास?' साहेबांनी विचारलं, मॅडम, हे कोण? तूच सांग, काय उत्तर देऊ? पण माझं एकटीचंच बंद आहे हां. पोरगी ऐकते. तिचे पाय तरणे आहेत."

पोरीकडे तांबडा दिवा होता. "मी अभ्यास करतेय तर आजोबा म्हणणार, झोप. मी झोपलेय तर म्हणणार, ऊठ. त्यांना कळतं तरी कसं कोण जाणे. पण ताई, आजी आहे ना खाली. आजी ऐकतेच."

बैठकीच्या खोलीत तांबडा दिवा कोणी लावला ते कोणालाच माहीत नव्हतं. "आपोआप होतं का ते कधी कधी?" डॉक्टरांनी जिन्यावरून विचारलं.

"नाही, बोटाने होतं," मी म्हटलं.

काकू पलंगावर बसल्या होत्या. रेडिओ बंद, हातात पुस्तक नाही, विणकाम नाही. "दार लोटून घे," त्या म्हणाल्या, आणि मी पट्टीकडे बघायच्या आधीच पुढे म्हणाल्या, "सगळ्यात आधी मी दाबलं. तू गेलीस त्याच संध्याकाळी."

"पण काकू, त्यांना काही झालं आणि हाक मारली तर?"

"येता-जाता डोकावते मी. पाणी भरलेलं असतं, गोळ्या काढून ठेवलेल्या असतात. बघायला आवाज लागत नाही." त्यांनी उशी सरळ केली. "मैदानातल्या पोरांची बरी होती गं गत. तास संपला की सुटायची. मी लग्न झाल्यापासून त्या आवाजावर उठले, बसले. भाजी खारट झाली तर शेजाऱ्यांना आमच्याआधी कळायचं. मग ऑपरेशन झालं. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, आवाज परत यायचा नाही. मी बाहेर बाकावर बसून रडले. सगळे मला धीर देत होते."

मी पट्टीवरच्या तांबड्या दिव्याकडे बघितलं.

"मग तू आलीस पिशवी घेऊन," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "हुशार आहेस. अगदी तस्सा आवाज काढलास."

बाहेर कपाटापाशी सर वाट बघत उभे होते. त्यांनी भुवया उंचावल्या. दोष सापडला?

"यंत्रात दोष नाही सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कपाटातल्या काळ्या ओळीकडे. रांगेत कोण हजर आणि कोण नाही हे बघण्यात त्यांची नोकरी गेली होती. त्यांनी काठी उचलली आणि टेबलावर हाणली, पुन्हा हाणली, सगळे खाली येईपर्यंत. काकू सोडून सगळे आले.

मला बोलावंच लागलं नाही. काय झालं ते त्यांनी एकमेकांच्या चेहऱ्यांवर वाचलं.

"म्हणजे तुझ्याकडेही बंद?"

"तुमच्याकडे चालू असेल म्हणून मी बंद केलं! बाप कोणाचा आहे?"

"मी सकाळपासून रात्रीपर्यंत दवाखान्यात. घरात कोण असतं?"

"घरात असते म्हणजे रिकामी असते का? आणि ही? हिला काय धाड भरलीय?"

"माझी परीक्षा आहे!"

"तुझी परीक्षा बारमाही आहे."

जे स्वतः केलं होतं त्यासाठीच प्रत्येक जण दुसऱ्यावर तुटून पडला होता. पाळ्या लावायचं निघालं. आज तू चालू ठेव, उद्या मी. पण मीटिंगा, पेशंट आणि परीक्षा यांत एकही वार मोकळा निघेना. सर मध्येच उभे होते आणि त्यांचे ओठ सारखे हलत होते. कोणी वाकून ऐकलं नाही.

शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळले. "तो दुसरा स्विचर होता ना, ज्यात टाळता येत नाही? तो बसवायचा का?"

"यातही करता येतं," मी म्हटलं. विचारलं तर जे खरं ते सांगायचं, अशी माझी सवय आहे. "कुलूप लावता येतं. मग खोलीतलं ते बटण चालत नाही."

"मग लाव. सगळ्यांना सारखं. एकट्याच्या गळ्यात नको."

सून म्हणाली, चालेल, सगळ्यांना असेल तर चालेल. नातीने खांदे उडवले. भांडण पाण्यात साखर विरघळावी तसं विरघळलं.

"काकूंना विचारायला हवं," मी म्हटलं.

"आईचं काही म्हणणं नसतं," डॉक्टर म्हणाले.

सरांनी माझा दंड धरला. या वेळी मला शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू आला. "तिच्या खोलीचं आधी लाव."

"एखादी खोली वगळताही येते," मी जरा मोठ्याने म्हटलं. "काकूंची वगळली तर..."

"वगळता येते?" सून म्हणाली. "मग माझी वगळ. मीटिंगा असतात."

"तुझी वगळायची तर माझी का नाही?"

"आणि मी काय घोडं मारलंय?"

"कोणाचीच वगळू नकोस," डॉक्टर ओरडले. "सगळ्यांना लाव आणि मिटव एकदाचं."

मी लावलं. घर त्यांचं, यंत्र त्यांचं. त्या कामाला काही वेळ लागत नाही. तांबडे दिवे एकदमच विझले आणि सगळे समाधानाने आपापल्या खोल्यांत गेले.

कुलूप लावल्यावर ते तपासून बघावं लागतं. मी काकूंच्या खोलीत गेले. त्या पट्टीपाशी उभ्या होत्या. बटण दाबत होत्या, बोट काढून बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या.

"आता ते चालणार नाही काकू," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या, आणि आणखी एकदा दाबून बघितलं.

छतातून आधी श्वास ऐकू आला. मग भरदार, स्वच्छ, मी बनवलेला तो आवाज: "पाणी."

वरच्या तिन्ही खोल्यांत तो त्याच क्षणी, तितकाच मोठा गेला होता. जोडणी माझी होती, त्यात शंका नव्हती. मी जिन्याकडे कान लावून उभी राहिले. एकही दार वाजलं नाही.

काकू पायाने पलंगाखालच्या चपला चाचपडत होत्या.

"मी नेते, काकू. बसा तुम्ही."

"ने," त्या म्हणाल्या. "आज तू ने."

आणि चपला घालून माझ्या आधी दाराबाहेर पडल्या.