परवान्यांचं घर

रामदासपेठेत चंपतरावांच्या घरी पाहुण्यांसाठी चार खोल्या होत्या; राहणं आणि सकाळचा नाश्ता. त्या घराला परवाने इतके, की भिंतींना रंग द्यायची गरजच पडत नसे. आमच्याकडे डासही आत शिरताना आधारकार्ड दाखवतो, असं त्यांची बायको प्रेमिलाबाई म्हणायची.

समोर धर्मेंद्रचा फ्लॅट. परवाना एक नाही. जवळच्या दवाखान्यात आलेल्या पेशंटांचे नातेवाईक मोबाइलवर बघून थेट त्याच्याकडे जात. तीन खोल्यांत त्यानं इतकी माणसं कोंबली होती, की सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की गच्चीवरची टाकी वीतभर वर उचलली जाई. इकडे चंपतरावांकडे उरल्या होत्या एकट्या म्हाताऱ्या मीराबाई. त्यांचा मुलगा दवाखान्यात होता.

"तक्रार करा ना त्याची," प्रेमिलाबाई म्हणाली. "असं तं आपलंच बंद पडून राहिलं."

चंपतरावांनी तक्रार केली. निनावी करायची सोडून खाली नाव, पत्ता आणि परवान्याचा नंबरही घातला. नियमानं वागायची खोड, दुसरं काय!

महापालिकेचे साहेब आले ते थेट चंपतरावांकडेच. आल्या आल्या त्यांनी जिन्याला टेप लावली.

"साहेब, तक्रार समोरच्याची आहे!"

"त्याच्याकडं जाऊन काय करू, काका? परवानाच नाही, तर रद्द काय करू? या गल्लीत आमच्या कागदावर तुम्ही एकटेच."

जिना चार बोटं अरुंद भरला. तो रुंद होईस्तोवर पाहुणा ठेवायचा नाही, असं ठरलं. रुंद करायचा तर शेजाऱ्याचं देवघर देवासकट आत घ्यावं लागलं असतं.

"आता मी कुठं जाऊ वं बाई?" मीराबाईंनी प्रेमिलाबाईला विचारलं. "पोराचं आपरेशन उद्या हाय."

प्रेमिलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. चंपतरावांनी गुपचूप म्हातारीची पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडला.

"या काका!" धर्मेंद्रनं दार उघडलं. "तुम्ही इकडं कसे?"

"मीराबाईले जागा दे गा. गुडघे दुखतात, पलंग पाहिजे."

"पलंग कुठला, काका? पॅसेजमध्ये गादी टाकतो." मग तो जवळ सरकून हळूच म्हणाला, "तुमच्या खोल्या आता रिकाम्याच ना? मले देऊन टाका. पाटी तेवढी काढा, बाकी मी पाहतो."

 आतून कोणीतरी ओरडलं, "दार लावा ना भाऊ, मच्छर येऊन राहिले!"

पिशवी टेकवायला हातभर जागा शोधत चंपतराव परक्या चपलांच्या ढिगात तसेच उभे राहिले.