ताट भरायची वाट

मी एक जुना डीप फ्रीजर आहे, मित्रांनो. आतून बर्फ, बाहेरून गंज. शहरातल्या प्रयोगशाळेने मला भंगारात काढण्याऐवजी बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात धाडले. तिथे गरोदर बायांच्या रक्तावर अभ्यास चालला होता. लोखंडाला गंज चढतो तसा शरीरातल्या पेशींवरही एक ताण चढतो म्हणे. त्याच्या खुणा रक्तात आधीच दिसल्या, तर पुढे कोणाचा रक्तदाब वाढेल, कोणाला झटके येतील, याचा अंदाज येतो का, हे डॉक्टरांना पाहायचे होते. वीज गेली तरी मी गारवा सोडत नसे. सगळे माझे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

उमापूरची वर्षाराणी सासू तुळजाबाईंबरोबर आली, तेव्हा तिला पाचवा महिना होता. पहिलटकरीण. रक्तदाब ठीक होता. प्रयोगशाळेतल्या करिष्माने तिच्या रक्तातले पिवळे पाणी कुपीत भरून माझ्या पोटात ठेवले.

"पोरीचं काय ते कवा कळंल?" तुळजाबाईंनी विचारले.

"ताट भरलं की, मावशी."

तपासणीच्या खळग्यांच्या पाटीला करिष्मा ताट म्हणे. तपासणीचे औषध एकदा फोडले की एका दमात संपवावे लागते, म्हणून सगळे खळगे भरतील एवढे नमुने जमेपर्यंत थांबायचे, अशी तिथली रीत होती.

पण दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ज्या बायांनी ताट भरायचे, त्याच निघून गेल्या. वर्षाराणीही गेली. मी मात्र इमानेइतबारे सगळे गोठवून ठेवले.

फडात तिचे पाय सुजले, डोके ठणकू लागले. उन्हाने असेल म्हणून फडके बांधून ती मोळ्या उचलत राहिली. मागे राहिलेल्या बायांच्या नमुन्यांनी संक्रांतीनंतर एकदाचे ताट भरले. वर्षाराणीच्या रक्तातल्या ताणाचा आकडा सगळ्यांत चढा निघाला. करिष्माने तातडीने फोन लावला. झटके येऊन वर्षाराणी आणि पोटातले बाळ, दोघेही आदल्याच आठवड्यात गेले होते. आकडा वेळेवर कळता, तर ती वाचलीच असती असे नाही. पण निदान तिला कोणी फडावर जाऊ दिले नसते.

पुढे तुळजाबाई एकट्याच आल्या. भांडल्या नाहीत.

"तिचं रगत हाय का आजून तुमच्यापाशी?"

उरलेली कुपी करिष्माने काढून दिली. तुळजाबाईंनी ती मुठीत घट्ट धरली.

"लई गार पडलंय गं. तिला थंडी सोसत नव्हती."

वितळले की नमुना वाया जातो, हे करिष्माला ठाऊक होते. तरी तिने कुपी परत मागितली नाही.

मित्रांनो, मला वाट पाहता येते. माझ्या पोटात काहीच वाढत नाही. आईच्या पोटातले बाळ थांबत नाही. एखादीचे रक्त घेतलेत, तर ती गावात आहे तोवर तिला सांगा.