मनकर्णाबाईंचा उपास

पाळक साहेबरावांनी सोलून दिलेलं संत्रं मनकर्णाबाईंनी तसंच ताटलीत ठेवलं. दिवस मावळायला अजून अवकाश होता.

ईस्टरआधीचे चाळीस दिवस दिवसभर पाण्यावर राहायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. यंदा बाराव्या दिवशी त्या उस्मानपुऱ्यातल्या चर्चमध्ये, महिलांची प्रार्थना चालू असतानाच कोसळल्या. साखर एकदम उतरली होती. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं.

"उपास सोडला तर देवाला देऊ काय?" त्यांनी पाळकांना विचारलं.

पाळकांनी ताटली त्यांच्याकडं सरकवली.

"जेवण सोडणं तुम्हाला जमतंच, बाई. जे सुटत नाही, ते सोडून बघा."

मनकर्णाबाईंनी मान खाली घातली.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, रूपानं, अभयशी लग्न केलं. तो बौद्ध घरातला, वाळूजच्या एका कारखान्यात कामाला. घर सोडलंस तसा देवही सोडलास, असं म्हणून मनकर्णाबाईंनी दार लावून घेतलं होतं. पुढं रूपाचे फोन आले, ते त्यांनी उचलले नाहीत. मग फोन यायचेही थांबले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या सरिताकडून रूपाचा पत्ता घेऊन त्या वाळूजच्या बसमध्ये बसल्या.

दार रूपानंच उघडलं. ती बघत राहिली, मग बाजूला सरकली. अभय शिफ्टला गेला होता. दोघी पाण्याच्या टाकीविषयी बोलल्या, उन्हाविषयी बोलल्या. दुपार झाली तशी मनकर्णाबाई म्हणाल्या,

"भूक लागलीय. वाढ काहीतरी."

रूपा थबकली.

"तुझा उपास आसंल ना?"

"डॉक्टर नाय म्हणला."

रूपानं वरण-भात वाढला. एकच ताट.

"अन् तुझं?"

रूपा भिंतीला टेकून बसली.

"मी दिवस मावळल्यावर जेवते, आई. दरसाल. सुट्टी आसली की अभयच ताट करतो तवा."

मनकर्णाबाईंचा हात भातातच राहिला. चार वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी अलगद उचलून नेलं होतं. त्यांनी डोळे पुसले, भात कालवला आणि त्या सावकाश जेवल्या.

हात धुऊन आल्यावर त्यांनी पिशवी दाराजवळून उचलून आत, कपाटाशी ठेवली.

"आज ताट मी करते," त्या म्हणाल्या. "तांदूळ कुठं ठेवतीस, दाव."