साडेसहाचं लग्न

पत्रिका छापायला टाकायच्या आदल्या दिवशी प्रितीने सांगून टाकलं, की ती चाळीच्या पटांगणात लग्न करणार नाही. कोर्टात जाऊन सह्या करणार. चार माणसं, दोन हार, झालं.

प्रिती माझी नात. सत्तावीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा प्रफुल्ल, तेव्हा चहात बटर बुडवत होता. बटर तसंच कपात बुडून गेलं.

"आता काय झालं? राजरत्नशी भांडलीस?"

"नाही पप्पा. सतरा मे आहे. दुपारी साडेबाराचं लग्न. पटांगणात वरून पत्र्याचा मांडव. आत किती तापेल ठाऊक आहे तुम्हाला?"

"आलं, हवामान खातं आलं," प्रफुल्ल म्हणाला.

घरात तिला हेच नाव पडलं होतं. गेली दोन वर्षं पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. समुद्र किती चढला, उन्हाळा किती वाढला, सगळं तिला तोंडपाठ. मोबाईलवर लालभडक नकाशे बघायची आणि जेवता जेवता घास हातात धरून बसायची. गेल्या मे महिन्यात कल्याणला एका लग्नात तिचा मामा वरातीत नाचता नाचता कोसळला. वाचला तो, पण त्याचं डोकं प्रितीच्या मांडीवर होतं. तेव्हापासून तिची काळजी नकाशातून उतरून माणसांवर आली.

"माझ्या लग्नात कोणाला काही झालं तर मी आयुष्यभर काय करू?" ती म्हणाली, आणि उठून गॅलरीत गेली.

खरं सांगते, मला राग आला. याच पटांगणात अडुसष्ट साली माझं लग्न लागलं. डिलाईल रोडला तेव्हा गिरण्यांचा धूर असायचा आणि मी माणगावच्या खेड्यातून आलेली अठरा वर्षांची पोर. पांढरं लुगडं नेसून खाली उतरले तर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. वरून फुलं पडत होती. माझ्या माहेरचं गावच तेवढं नव्हतं! नातीचं लग्न तिथे बघायचं, एवढी एकच इच्छा मी धरून होते. आणि ही म्हणते चार माणसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तापमापक घेऊन तिसऱ्या मजल्याकडे निघाली. मीही गुडघे सांभाळत मागोमाग गेले. तिथे पत्र्याखालच्या खोलीत माझी मैत्रीण रमाबाई राहते. आम्ही दोघी एकाच वर्षी या चाळीत सुना म्हणून आलो. तिची मुलं आता विरारला असतात. ती मात्र जागची हलत नाही.

प्रितीने खोलीत तापमापक टांगलं. दहा मिनिटांनी बघितलं.

"रमाआजी, एकेचाळीस."

"किती मार्कांपैकी?" रमाबाई म्हणाली.

"हसू नका ना. दुपारी खाली आमच्याकडे येऊन झोपत जा."

"आणि माझ्या घराला काय वाटेल? तू कोर्टात लग्न करतेस म्हणे. चार माणसांत मी आहे का पाचवी?"

प्रितीने तापमापक काढून घेतलं. जिन्यात मात्र पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "आजी, मला वेड लागलंय का गं? सगळे हसतात. मला बंदच करता येत नाही हे."

मी तिच्या शेजारी बसले. मग जे सुचलं ते विचारलं, "तुझी ही भीती किती वाजता सुरू होते?"

ती रडता रडता थांबली. मास्तरीण आहे, प्रश्न विचारला की उत्तर देतेच. "म्हणजे... उन्हाची? अकरा ते चार जास्त."

"आणि सकाळी सहाला?"

"सहाला काही नाही. अठ्ठावीस वगैरे असतं."

"मग सहाला लग्न कर."

"आजी, सकाळी सहाला कोण लग्न करतं?"

मला एकदम हसू फुटलं. अगं, ही चाळ सहाला काय काय करायची! माझे यजमान रामजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, पहिली पाळी सातची. मी साडेचारला स्टो पेटवायची. साडेपाचला सगळ्या चाळीत भाकऱ्यांची थापथाप. साडेसहाला चारशे माणसं डबे घेऊन एकदम जिने उतरायची, तर खालच्या मजल्यावर भांडी वाजायची. त्या वेळेला चाळ जितकी जागी असायची तितकी दिवसभरात पुन्हा कधी नसायची. आजसुद्धा नळाला पाणी साडेचारलाच येतं. म्हणजे उठतात सगळेच. फक्त पाणी भरून परत झोपतात.

प्रितीने ओढणीने नाक पुसलं. "साडेसहा," ती म्हणाली. "सव्वासातला सगळं आटपेल."

घरी सांगितलं तर प्रफुल्ल उभाच राहिला. "साडेसहा? लोक म्हणतील मुलीचं चोरून लग्न लावतायत!"

त्याला समजवायला आम्ही नानांना बोलावलं. नाना म्हणजे आमच्या विहारातले बौद्धाचार्य, चाळीतली दोन पिढ्यांची लग्नं त्यांनीच लावली. त्यांनी शांतपणे पोहे संपवले आणि म्हणाले, "प्रफुल्ल, आपल्यात मुहूर्त नाही. पंचशील कधीही घ्यावं. मग साडेबारा कुठून आणलंस?"

"पत्रिकेत तसंच असतं नाना."

"हां. मुहूर्त सोडून सत्तर वर्षं होतील आता. दुपारची वेळ आणि दोन तासांचा उशीर मात्र आपण अगदी निष्ठेने पाळतो. मे महिन्यात दिवसाला तीन तीन लग्नं लावतो मी. तिसऱ्याला मला नवरा कुठला आणि करवला कुठला ते दिसत नाही. साडेसहाला लाव बाबा, मला तरी जोडपं नीट दिसेल."

माहीमहून नवऱ्यामुलाचा, राजरत्नचा फोन आला. त्याची आई तयार होती, कारण लग्न लावून तिला दहाला ड्यूटीवर जाता येणार होतं. राहिला प्रश्न माणसांचा. येणार कोण?

म्हणून मी ठरवलं, पत्रिका घेऊन दारोदार मीच जाणार. प्रितीला बरोबर घेतलं. पहिल्या दारात मी नेहमीसारखं सांगितलं, अगत्याने या. पोरगा पत्रिका बघून हसला, "आजी, साडेसहा? पी.एम. ना?" दुसऱ्या दारातही तेच. तिसऱ्या दारात माझी ताकद संपली आणि तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. "हे बघ, ही पोरगी घाबरलीय. तुझ्या आईला उन्हाचा त्रास होईल म्हणून घाबरलीय. म्हणून सकाळचं ठेवलंय."

दारातला माणूस हसायचा थांबला. त्याने आत वळून बघितलं. त्याची आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. "माझ्यासाठी?" ती म्हणाली.

मग मी प्रत्येक दारात तेच सांगितलं. तुझ्या बाळंतिणीसाठी घाबरलीय. तुझ्या बीपीसाठी घाबरलीय. प्रिती आधी लाजेने लाल झाली. पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत लोक तिलाच आत बोलवायला लागले. माझ्या बापाला दुपारी भोवळ येते ते काय असतं गं? पत्र्यावर चुना मारला तर फरक पडतो का? ती सांगत होती आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचं कोणी ऐकत होतं. घरात हीच भीती तिला खात होती. दारोदार फिरली तेव्हा तिला लोक चहा पाजत होते.

रमाबाईच्या दारात मी म्हटलं, "रमे, तुझ्यासाठी तर सगळ्यात जास्त घाबरलीय."

रमाबाईने पत्रिका उलटसुलट करून बघितली. तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "येते. पण मला पुढची खुर्ची पाहिजे."

आता प्रफुल्लने काय केलं ते ऐका. माझा मुलगा जन्मभर मुंबईत राहिलेला. साडेसहा सांगितलं की लोक साडेआठला येणार, हे त्याला सूर्य उगवण्याइतकं पक्कं माहीत. त्याने कोणाला न विचारता सगळ्या चाळीला आणि सगळ्या पाहुण्यांना फोन केले. "पत्रिकेतली वेळ चुकलीय, पाचला या." म्हणजे हिशेबाने सगळे बरोबर साडेसहाला येतील.

सतरा तारखेला मी पाणी भरत होते. पाचला दहा कमी होती. खाली पटांगणात खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. ऊन नाही म्हणून मांडवाला वरून पत्रे घातलेच नव्हते, गॅलरीतून वाकून बघितलं तर निम्मं पटांगण भरलेलं! नऊवार, पैठण्या, इस्त्रीचे पांढरे शर्ट, केसांत गजरे, आणि पुढच्या रांगेत मधोमध रमाबाई, काठी मांडीवर आडवी घेऊन. विरारहून तिची मुलंही आली होती. गाडी करून, अंधारात निघून. एकही माणूस उशिरा आलं नव्हतं.

"प्रफुल्ल!" मी ओरडले.

तो बनियनवर बाहेर आला, खाली बघितलं आणि मटकन बसला. "हे लोक वेळेवर आले, आई!"

नवरी नुकती न्हाऊन मेकअपला बसली होती. नाना आले नव्हते. नवरा माहीमला दाढी करत होता. चहावाला सहाचा सांगितलेला. खाली दोनशे माणसं.

"पप्पा, तुम्ही काय केलंत?" प्रितीने विचारलं. त्याने सांगितलं. मला वाटलं आता ही रडणार. पण ती खिडकीशी गेली, खाली बघितलं आणि हसायला लागली. इतकी हसली, की मेकअपवाल्या बाईने तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मग चाळीने जे केलं ते सांगायला मला अजून आवडतं. कोणी हाक दिली नाही. पहिल्या मजल्यावर एक शेगडी पेटली, मग दुसरी, मग सगळ्याच. ज्याच्या घरात जेवढं दूध होतं तेवढा चहा झाला. टोप, किटल्या, पातेली जिन्यातून खाली जायला लागली. कुठे आलं जास्त, कुठे साखर कमी. लोक दोन घरचा चहा पिऊन तुलना करत होते. प्रफुल्ल धावत धावत कप वाटत होता आणि जो तो त्याच्या पाठीवर थाप मारून विचारत होता, "काय, किती वाजले?"

रमाबाईने काठी आपटून ताल धरला आणि भीमगीत सुरू केलं. तिचा आवाज पार गेलाय. पण आमच्या वेळच्या दहाबारा म्हाताऱ्या अजून होत्या, त्यांनी उचललं. पोरं मोबाईल काढून उभी राहिली. उजाडायला लागलं तेव्हा समुद्राकडून गार वारा येत होता आणि मांडवाची झालर हलत होती.

नाना सहाला आले आणि गर्दी बघून फाटकातच थबकले. "लग्न झालं का माझ्याशिवाय?"

सव्वासहाला राजरत्न पोचला, पंधरा मिनिटं आधी येऊनही शेवटचा. लोकांनी टाळ्या वाजवून त्याला उशिरा आला म्हणून चिडवलं. प्रिती पांढरी साडी नेसून खाली उतरली. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे दोघांनी मेणबत्त्या लावल्या. दोनशे माणसांनी एका आवाजात त्रिसरण म्हटलं, ताज्या, चहा प्यायलेल्या आवाजात. साडेबाराच्या लग्नात ते कसं पुटपुटल्यासारखं होतं, मी ऐकलंय. तिन्ही मजल्यांवरून फुलं पडली. मी वर बघत राहिले, मान दुखेपर्यंत.

आठला लोक शिरा-उपमा खाऊन कामाला निघाले. केसांत पाकळ्या घेऊन कोणी ऑफिसला गेलं, कोणी दुकानावर. राजरत्नच्या आईने ड्यूटी गाठली. नवरा-नवरी साडेनऊला माहीमला गेले.

दुपारी दीडला प्रितीचा फोन आला. नव्या नवरीचा पहिला फोन.

"आजी, एकोणचाळीस झालंय. रमाआजी कुठे आहेत?"

"इथेच. माझ्या फरशीवर आडवी झालीय. म्हणते आता जूनपर्यंत दुपारची इथेच झोपणार."

"खरंच?"

"मला काय विचारतेस? तिलाच विचार."

रमाबाईने डोळे न उघडता हात पुढे केला आणि फोन ओढून घेतला. "प्रिती, तुझ्या माहीमच्या खोलीत पंखा आहे का? पडदे ओढलेत का? आणि तुझी सासू दहाला ड्यूटीवर गेली, तिने जाताना छत्री नेली होती का नाही? नाही? मग तिला आत्ता फोन कर. माझा जीव लागून राहिलाय."